तलवार खाली ठेवल्यानंतर

काशीकर मराठी मंडळी, आणि घरात मराठी ऐकणाऱ्या पण चारचौघांत बोलायला लाजणाऱ्या तरुण मित्रांनो,

आजच्या विषयात ‘धैर्य’, ‘सेवा’ आणि ‘माजी सैनिक’ असे तीन भारदस्त शब्द आहेत. तेव्हा एक कबुली आधीच दिलेली बरी. आजच्या वक्त्याने बंदूक कधी हातात धरलेली नाही; शाळेच्या कवायतीत डावा पाय आणि उजवा पाय यांची हमखास गल्लत करणाऱ्यांपैकी तो एक. म्हणून युद्धाच्या वर्णनांची त्याच्याकडून फार अपेक्षा करू नये. त्याला कुतूहल आहे ते नंतरच्या आयुष्याचं. गणवेश खुंटीला लागल्यावर शिपाई काय करतो?

हा प्रश्न काशीत विचारायला एक कारण आहे. दशाश्वमेधावरून केदार घाटाकडे पायऱ्या-पायऱ्यांनी चालत निघालं, चौसट्टी घाट आणि पांडे घाट मागे टाकला, की नारद घाटाच्या अलीकडे एक घाट लागतो. आज त्याला राजा घाट म्हणतात. जुनं नाव अमृतराव घाट. रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र, दुसऱ्या बाजीरावांचे थोरले भाऊ, ते हे अमृतराव. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांनी लढाई जिंकली, बाजीराव वसईकडे पळाले, आणि पुण्याचा कारभार काही महिने अमृतरावांच्या हाती आला. पुढच्या वर्षी इंग्रजांची फौज पुण्याकडे सरकली तेव्हा अमृतरावांनी हवा ओळखली. त्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली याच्याशी बोलणं केलं, वर्षाला सात लाखांची नेमणूक पदरात पाडून घेतली आणि उत्तरेची वाट धरली. चित्रकूटजवळ कर्वी आणि इथे काशी ही त्यांची पुढली ठिकाणं. १८२४ मध्ये याच शहरात त्यांचा अंत झाला.

यांना शूर म्हणायचं का? वक्त्याला तरी म्हणवत नाही. मराठी राज्य मोडत असताना जो आपली नेमणूक ठरवून घेतो, त्याच्या नावाने पोवाडे होत नाहीत, आणि होऊही नयेत. पण त्या नेमणुकीतून नदीकाठी दगडी पायऱ्या बसल्या, अमृतेश्वराचं देऊळ उभं राहिलं, अन्नछत्र चाललं. दरसाल गंगा चढते, त्या पायऱ्या गिळते, उतरताना गाळ ठेवून जाते. गाळ उपसला की पायऱ्या जागच्या जागी. राज्य गेलं आणि पायऱ्या राहिल्या. लढण्याचे दिवस सरल्यावर माणूस हाती उरलेल्या दिवसांचं काय करतो, हा प्रश्न या पायऱ्यांवर बसून सुचतो. अमृतरावांचं काम इथे संपलं. आता खऱ्या शिपायांकडे वळू.

आपण ज्याला धैर्य म्हणतो ते किती वेळ टिकावं लागतं? सिनेमात एक मिनिट पुरतं. पार्श्वसंगीत वाढतं, नायक उठतो, धावतो, प्रसंग संपतो. रामा राघोबा राणे यांचं धैर्य ८ एप्रिल १९४८ च्या सकाळी सुरू झालं आणि ११ तारखेच्या रात्री दहापर्यंत चाललं.

राणे मूळचे कारवारजवळच्या चेंडियाचे. वडील पोलिसात. १९४० मध्ये ते बॉम्बे इंजिनियर्समध्ये, म्हणजे सॅपर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशात लढले. स्वातंत्र्यानंतर ते सेकंड लेफ्टनंट असताना काश्मिरात नौशेराहून राजौरीकडे आपलं सैन्य निघालं. रणगाडे पुढे न्यायचे होते, आणि रस्ता असा की पावलापावलावर सुरुंग पेरलेले, मोऱ्या उडवलेल्या, चीडाची झाडं आडवी पाडलेली, वरच्या टेकड्यांवरून मशीनगनचा मारा. हा रस्ता मोकळा करायचं काम राण्यांच्या तुकडीकडे आलं. पहिल्याच दिवशी तोफगोळे पडले. दोन सॅपर ठार, पाच जखमी. जखमींत स्वतः राणेही होते. तुकडी पुन्हा जुळवून त्यांनी सुरुंग काढायला सुरुवात केली ते रात्री दहापर्यंत. नऊ तारखेला पहाटे सहाला पुन्हा हजर. झाडं उडवायची, वळणरस्ता काढायचा, गाडी पुढे घ्यायची, की दोन-तीनशे पावलांवर पुढचा अडथळा. संध्याकाळी पाच मोठ्या झाडांचा, भोवती सुरुंग पेरलेला अडसर आला. अंधार पडत होता. राणे सुरुंग काढायला भिडले होते, पण रणगाड्यांच्या तुकडीच्या प्रमुखाने ठरवलं, आता थांबायचं. दहा तारखेला पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा कामाला लागले आणि साडेसहाला तो अडसर दूर झाला.

मंडळी, या ‘थांबायचं’कडे जरा लक्ष द्या. उसनं अवसान आणून अंधारात सुरुंगांत शिरणं याला आपण कदाचित टाळ्या दिल्या असत्या, पण सकाळी सॅपर उरले नसते आणि रस्ताही उरला नसता. पुढे दहा तारखेला रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरून दुपारी दोनला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोहोचले. रणगाड्यांचं काम झालं होतं. राण्यांचं झालं नव्हतं, कारण मागून दाणागोटा, दारूगोळा घेऊन येणाऱ्या गाड्यांना रस्ताच हवा होता. ते विश्रांती आणि अन्न न घेता रात्री नऊपर्यंत काम करत राहिले. अकरा तारखेला सकाळी सहाला परत सुरुवात. अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. आणि तरीही त्या दिवशी पुढचा रस्ता साफ करत ते रात्री दहापर्यंत थांबले नाहीत.

या चार दिवसांसाठी त्यांना परमवीरचक्र मिळालं. ते हयातीत स्वीकारणाऱ्या अगदी पहिल्या वीरांतले ते एक. आता या सगळ्या हकिकतीत त्यांनी स्वतःच्या हाताने किती शत्रू मारले? एकाचाही उल्लेख नाही. देशाचा सर्वोच्च युद्धसन्मान एका माणसाला रस्ता केल्याबद्दल मिळाला. सुरुंगाची स्फोटकं, कुदळ, फावडं आणि घड्याळ ही त्याची शस्त्रं. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मंडळींनी ही गोष्ट आपल्या कार्यालयात लावायला हरकत नाही. (हशा झाला, पण सूचना गंभीर आहे.)

दुसरी गोष्ट इटलीतली. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत शिपाई, कंपनी कमांडरचे रनर. म्हणजे निरोप नेणारा माणूस. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. नदी कसली, ओढाच. पंधराएक फूट रुंद. पण दोन्ही काठांना तीस-पस्तीस फुटांचे बांध, आणि त्या बांधांत जर्मनांनी उंदरासारखी बिळं करून मोर्चे बांधलेले. कंपनी पाण्यात उतरली आणि निदान तीन मोर्च्यांतून मशीनगन सुरू झाल्या. कमांडर आणि बरोबरची माणसं पडली. जाधव उभे होते.

इथे आपल्यातल्या प्रत्येकाने स्वतःला विचारावं, की अशा वेळी पहिली गोष्ट काय सुचली असती? पळणं सुचलं असतं, हे प्रामाणिक उत्तर. दुसरं उत्तर, बेभान होऊन गनवर धावून जाणं. जाधवांना सुचलं ते तिसरंच. त्यांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे नेऊन ठेवलं. मग त्याच वाटेने परत येऊन दुसऱ्याला नेलं. ते झाल्यावर ते गनकडे वळले. एक मोर्चा गप्प केला, तेवढ्यात हाताला गोळी लागली. टॉमीगन धरता येईना, ती टाकून दिली आणि हातबॉम्ब काढले. ते संपले तेव्हा सरपटत बांधावर जाऊन आणखी घेऊन आले. तीनही मोर्चे बंद पडल्यावर हा गडी बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभा राहिला आणि मराठ्यांची युद्धघोषणा देत उरलेल्या कंपन्यांना हाताने ‘या, या’ करू लागला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नामदेव जाधव जिवंत परत आले.

याच इटलीत आदल्या वर्षी, १० जुलै १९४४ रोजी, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे एकट्याने मशीनगनवर धावून गेले आणि तिथेच पडले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, मरणोत्तर. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने एक स्मारक केलं, सूर्यघड्याळाच्या रूपात. कोकणातल्या पोराच्या सावलीवर इटलीतलं गाव वेळ बघतं, ही कल्पना एखाद्या कवीला सुचायची. सुचली त्या गावकऱ्यांना.

जाधवांच्या गोष्टीतला क्रम फार बोलका आहे. आधी आपली माणसं उचलायची, मग शत्रू. सेवा आणि शौर्य असे दोन वेगळे खण आपण करतो. परिचारिका या खणात, शिपाई त्या खणात. सेनिओच्या काठी एकाच माणसाने एकाच तासात दोन्ही कामं केली आणि सेवेचं आधी केलं. मराठी पलटणींच्या गावांत ही गोष्ट नवी वाटत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाच्या नावातच मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. अशा गावात ‘मुलगा काय करतो?’ याला ‘मिलिटरीत आहे’ हे उत्तर ‘शेती करतो’ इतकंच साधं असतं.

आणि काशीकरांनी हे फक्त साताऱ्याचं म्हणून सोडून देऊ नये. इथून गाडीने दोन-अडीच तासांवर गाजीपूर जिल्हा. तिथल्या धामूपूरचे हवालदार अब्दुल हमीद १९६५ मध्ये खेमकरणच्या उसाच्या शेतांत जीपवरच्या तोफेने पाकिस्तानी पॅटन रणगाडे फोडत राहिले आणि १० सप्टेंबरला धारातीर्थी पडले. त्यांच्या परमवीरचक्राची माहिती इथल्या प्रत्येक मुलाला असेल. पण त्याच खेमकरण आघाडीवर नगर जिल्ह्यातला एक लष्करी ड्रायव्हरही होता, हे किती जणांना ठाऊक आहे? त्याच्या गाडीवर हल्ला झाला, सोबतचे गेले, तो वाचला. मी का वाचलो, हा प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही. नवी दिल्लीच्या स्टेशनावर विवेकानंदांचं एक पुस्तक त्याने विकत घेतलं, आणि १९७५ मध्ये फौजेतून निवृत्त होऊन तो आपल्या गावी, राळेगणसिद्धीला परत आला. तुम्ही ओळखलं असेल: किसन बाबूराव हजारे. अण्णा.

अण्णांच्या राजकारणाबद्दल इथे बोलायचं नाही. त्यावर मतं पुष्कळ आहेत आणि चहाची वेळ थोडी. त्यांच्या गावाबद्दल बोलू. राळेगण पारनेर तालुक्यात, पर्जन्यछायेत. पाणी नाही म्हणून शेती नाही, शेती नाही म्हणून दारूच्या भट्ट्या. अण्णांनी आधी स्वतःचे पैसे घालून यादवबाबांचं मोडकं देऊळ दुरुस्त केलं. देऊळ का? कारण गावात विश्वास बसायचा तर तो तिथूनच बसणार होता. मग नाले अडवले, पाझर तलाव केले, टेकड्यांवर चर खणले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री पुढे सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाली. पाणी मुरलं, विहिरी भरल्या, कांदा बाहेरगावी जाऊ लागला.

पण इथे एक खडा टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. राळेगणात दारुड्यांना खांबाला बांधून पट्ट्याने झोडपलं जाई. हे लपवलेलं नाही; अण्णांनीच सांगितलेलं आहे. फौजेत शिस्त लागते, कारण तिथे एकाच्या चुकीने दहा मरतात. गावात मात्र माणसं स्वतःच्या मर्जीने राहतात. गाव ही पलटण नव्हे. माजी सैनिकाकडून काय घ्यावं आणि काय त्याच्या बराकीतच ठेवावं, याचा निवाडा नागरिकांनी करायचा असतो. पहाटे उठणं घ्यावं. सगळ्यांबरोबर फावडं धरणं घ्यावं. खांब आणि पट्टा घेऊ नये.

आता ज्यांच्यासाठी हे व्याख्यान मुळात बेतलं, त्यांच्याकडे येऊ. मुरलीकांत पेटकर.

सांगली जिल्ह्यातलं पेठ इस्लामपूर हे त्यांचं गाव, १९४४ चा जन्म. सैन्यात ते इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल इंजिनियर्सच्या कोअरमध्ये कारागीर. अंगात रग होती, मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि एक गोळी पाठीच्या कण्यात रुतली. कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मुष्टियुद्ध करणाऱ्या तरुणाला वयाच्या विशीत डॉक्टर सांगतात, की आता उभं राहता येणार नाही. पुढे काय?

आपल्याकडे अशा वेळी दोन ठरलेली वाक्यं असतात. एक, ‘देवाची इच्छा’. दुसरं, ‘मन खंबीर ठेव’. दोन्ही म्हणायला सोपी आणि ऐकायला कठीण. पेटकरांना मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात याहून कामाची गोष्ट मिळाली: पाणी. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहायला लावलं. पाण्यात पायांचा भार उरत नाही, खांदे आणि हात यांच्यावर सगळं चालतं, आणि खांदे तर मुष्टियोद्ध्याचे होते. फौजेने त्यांच्या अंगात जे भरलं होतं, ते गोळीने सगळं नेलं नव्हतं.

१९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ ची स्पर्धा जर्मनीत. त्या वर्षीचं ऑलिंपिक म्युनिकला होतं, पण अपंगांच्या स्पर्धेला म्युनिकचं खेळाडूग्राम मिळालं नाही; ती हायडेलबर्ग या विद्यापीठाच्या गावी झाली. अपंगांच्या वाट्याला दुसरं गाव, ही जगाची जुनी रीत. तिथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पेटकरांनी ३७.३३ सेकंदांत अंतर कापलं. विश्वविक्रम आणि सुवर्णपदक. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. ऑलिंपिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळायला २००८ उजाडावं लागलं, हे लक्षात घेतलं की त्या सदतीस सेकंदांचं वजन कळतं.

मग देशाने काय केलं? पद्मश्री दिली. कधी? २०१८ मध्ये. मधली किती वर्षं होतात, ते श्रोत्यांनीच मोजावं. अर्जुन पुरस्कारांतला जीवनगौरव जाहीर झाला तो २०२५ च्या जानेवारीत. आदल्या वर्षी त्यांच्यावर हिंदी सिनेमा आला आणि एकदम सगळ्यांना त्यांची आठवण झाली. सिनेमा येण्याआधीही ते होतेच. पुण्यात, नोकरी आणि संसार करत.

वक्त्याला वाटतं, पेटकरांचं धैर्य त्या सदतीस सेकंदांत शोधायला जाऊ नये. पाण्यात हात मारायचा क्षण आनंदाचा असतो. शोधायचं तर १९७२ ते २०१८ या काळातल्या एखाद्या साध्या मंगळवारी शोधावं. पदक कपाटात आहे, शेजाऱ्यांना माहीत नाही, पाय साथ देत नाहीत, आणि कामावर वेळेत पोहोचायचं आहे. राण्यांनी चार दिवस रस्ता काढला. पेटकरांनी सेहेचाळीस वर्षं काढला.

त्यांच्यासारखे अनेक आहेत. पुण्यात खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. अपंग सैनिकांना हातचं कसब शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट तर १९१७ पासूनची, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या जखमी शिपायांसाठी सुरू झालेली. पुण्याला जाणारे लोक शनिवारवाडा बघून येतात. खडकीलाही जावं.

आणखी एका प्रकारच्या धैर्याचा उल्लेख करायलाच हवा, थोडक्यात. कोल्हापूरकडच्या वडगावचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात. ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत, जानेवारी १९४५ मध्ये, आपल्या पंजाबी पलटणीसह टेकडी जिंकून ती राखणारे. रणांगणावरचं त्यांचं शौर्य सिद्धच होतं. पण १९५९ मध्ये ते आपल्या लखनौत ईस्टर्न कमांडचे प्रमुख असताना त्यांनी वर लिहून कळवलं, की चीन येईल तर असा येईल, आणि आपल्याजवळ त्याला अडवायला पुरेसं काही नाही. पुढच्या वर्षी ‘लाल किला’ नावाच्या सरावात त्यांनी ते नकाशावर दाखवूनही दिलं. दिल्लीतल्या सरकारला हे ऐकायचं नव्हतं. १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले, १९६२ मध्ये चीन आला. वरिष्ठाला न आवडणारी गोष्ट कागदावर, सहीनिशी लिहिणं हे कांगॉच्या टेकडीहून सोपं नसतं. ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे, ते इथे मान डोलावत आहेत.

आता शेवटाकडे. थोरातांचा कागद उरला, म्हणून आपल्याला ही गोष्ट कळली. राण्यांची आणि जाधवांची कळली ती मानपत्रांमुळे, म्हणजे कुणीतरी वेळ, ठिकाण, पायरीपायरीने लिहून ठेवलं म्हणून. ज्यांना पदक नाही त्यांचं काय? १८५७ मध्ये झाशीत काय घडलं, वेढ्यात लोक कसे जगले, हे मराठीत कुणामुळे कळलं? कुणा सेनापतीमुळे कळलं नाही. वरसईचे गरीब भिक्षुक विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत आले, बंडात सापडले, काशीयात्रा करून गंगेची कावड घेऊन घरी परतले, आणि बऱ्याच वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी पाहिलेलं लिहून काढलं. ते ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापलं गेलं. याच शहरात भदैनीला जन्मलेल्या मनकर्णिकेचं, म्हणजे राणी लक्ष्मीबाईंचं, डोळ्यांनी पाहिलेलं मराठी चित्र आपल्याला एका भटजींनी दिलं.

तेव्हा वक्त्याचं मागणं लहानसं आहे. या सभागृहात कुणाचे काका, कुणाचे आजोबा, कुणाचे शेजारी पलटणीतून पेन्शनीत आलेले असतील. मराठा असतील, गोरखा असतील, ग्रेनेडियर असतील. या रविवारी त्यांच्याकडे एक वही घेऊन जा. ‘तुम्हाला भीती वाटली का?’ हा प्रश्न नंतर विचारा. आधी पलटणीचं नाव, नंबर, साल, ठिकाण आणि बरोबरच्या माणसांची नावं लिहून घ्या. बरोबरच्यांची नावं सांगताना ते थांबतील. तेव्हा घाई करू नका, चहा मागवा. आणि ते परत बोलू लागले की लिहायला लागा.